पीएम-विद्यालक्ष्मी शैक्षणिक कर्ज : तारण टळले, खेपा टळल्या नाहीत

कोकणात शैक्षणिक कर्ज अडते ते बहुधा सातबाऱ्यावर. देवगड तालुक्यातील आमच्या आंब्याच्या कलमांच्या जमिनीच्या उताऱ्यावर एकोणीस नावे आहेत. त्यांपैकी चौघे आज हयात नाहीत, त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही आणि उरलेले बहुतेक जण मुंबईला असल्यामुळे संमतीपत्रावर सर्वांच्या सह्या मिळवणे जवळजवळ अशक्य आहे. अशी सामाईक जमीन बँक तारण म्हणून घेत नाही. त्यामुळे मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या वेळी पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारणही लागत नाही आणि तिऱ्हाईत जामीनदारही लागत नाही, हे कळल्यावर आम्हां दोघांना मोठाच धीर आला.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या या योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला ७५ टक्के पतहमी (कर्ज थकल्यास बँकेला भरपाईची हमी) केंद्र सरकार देते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि इतर शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत मिळत नसेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर परतफेड सुरू होईपर्यंतच्या काळासाठी तीन टक्के व्याजसवलत मिळू शकते. मात्र ती दरवर्षी एक लाख विद्यार्थ्यांपुरतीच आहे. कर्जाचा अर्ज आणि व्याजसवलतीची मागणी योजनेच्या एकाच संकेतस्थळावर करता येते, ही सोय मला खरोखर मोलाची वाटते. घरात बसून, तालुक्याला न जाता, मुलीने स्वतः अर्ज भरला.

त्यानंतरचा अनुभव मात्र बँकेच्या शाखेतला आहे. पहिल्या शाखेत आमचे गाव त्यांच्या कार्यक्षेत्रात येत नसल्याचे सांगण्यात आले. राहण्याचे ठिकाण कार्यक्षेत्राबाहेर आहे एवढ्याच कारणावरून शैक्षणिक कर्जाचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना कळवले आहे, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. दुसऱ्या शाखेने अर्ज घेतला. एका खेपेला महाविद्यालयाचे शुल्काचे पत्र मागितले, पुढच्या खेपेला त्याच पत्रावर वसतिगृहाचा खर्च वेगळा दाखवून हवा होता, आणि तिसऱ्या खेपेला, तारणाची अट नसतानाही, सातबारा मागितला. भर पावसात सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परतायचे, अशा या खेपा होत्या. कर्ज मंजूर झाले, पण शुल्काची मुदत उलटून गेल्यानंतर. तोवर पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवून पहिला हप्ता भरावा लागला.

शाखेतील कर्मचाऱ्यांचा हेतू वाईट होता, असे मी म्हणणार नाही. योजनेचे नियम त्यांच्यापर्यंत नीट पोचलेच नव्हते, असे मला वाटते. म्हणून सुधारणा तिथूनच व्हायला हवी. लागणाऱ्या सर्व कागदांची यादी शाखेने पहिल्याच दिवशी लेखी द्यावी, त्यानंतर नवा कागद मागायचा असल्यास त्याचे कारण नोंदवावे आणि अर्ज कोणाच्या टेबलावर किती दिवस आहे ते विद्यार्थ्याला दिसावे. आमच्याकडे आंब्याचा पैसा मार्च ते मेमध्ये येतो, वाशीच्या दलालाची शेवटची पट्टी (विक्रीचा हिशेब व रक्कम) जूनपर्यंत मिळते आणि त्यातून खते-फवारणीची उधारी फेडली जाते. मासेमारीही १ जून ते ३१ जुलै बंद असते. महाविद्यालयाचे शुल्क नेमके हात असे रिकामे असताना, पावसाळ्यात भरायचे असते. त्यामुळे प्रवेश निश्चित होताच निदान पहिल्या हप्त्याची रक्कम महाविद्यालयाकडे थेट जमा झाली, तर किनाऱ्यावरच्या कित्येक घरांवरचा भार हलका होईल.

आणखी एक मर्यादा आहे. ही योजना केवळ निवडक दर्जेदार संस्थांपुरती आहे; आरंभी त्या ८६० होत्या आणि यादी दरवर्षी नव्याने ठरते. गावाजवळचे महाविद्यालय त्यात नसेल, तर बँकेच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जाकडेच वळावे लागते, आणि चार लाखांच्या वर गेल्यास जामीनदाराचा व तारणाचा प्रश्न पुन्हा उभा राहू शकतो. घराजवळ शिकणाऱ्या मुलांना, त्यातही मुलींना, याची झळ अधिक बसेल असे मला वाटते.

अर्ज करणाऱ्यांनी प्रवेशाचे पर्याय भरण्याआधीच ती यादी पाहावी, उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवावा आणि शाखेत दिलेल्या प्रत्येक कागदाची तारखेसह पोच घ्यावी. आम्ही ती तिसऱ्या खेपेपासून घेऊ लागलो.