महिन्यातून एक रात्र उघड्यावर: नागपूरच्या सायकलस्वाराने बिव्ही घ्यावी, तंबू, हॅमॉक की मच्छरदाणी?

शनिवारी दुपारनंतर सायकलीवर निघायचे, तीस-पन्नास किलोमीटरवर एखाद्या शेतात किंवा देवळाच्या आवारात रात्र काढायची आणि रविवारी उन्हे चढण्याआधी घरी परतायचे, असा दरमहा नेम धरू पाहणाऱ्या नागपूरकराला सायकलीपेक्षा अंथरुणाचा प्रश्न जास्त अवघड जातो. मागे कॅरिअर असलेली कोणतीही धड सायकल या कामाला चालते. झोपण्यासाठी मात्र चार वेगवेगळे पर्याय समोर येतात. पहिली बिव्ही, म्हणजे स्लीपिंग बॅगवरून चढवायची, अंगाएवढीच जलरोधक पिशवी. दुसरा एका माणसाचा तंबू, तिसरा जाळीसह हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधायची झोळी, आणि चौथी, ज्याकडे दुकानदार सहसा लक्ष वेधत नाहीत ती, तळ शिवलेली मच्छरदाणी व वरून ताणायची हलकी ताडपत्री.

माझे मत आधीच सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत बिव्हीइतके सुटसुटीत दुसरे काही नाही. पण जो बाराही महिने जाणार आहे त्याने पहिला खर्च मच्छरदाणी आणि ताडपत्रीवर करावा आणि बिव्ही नंतर घ्यावी. बिव्ही गिर्यारोहकांसाठी आणि सैनिकांसाठी, थंडी, वारा आणि गार पाऊस डोळ्यांसमोर ठेवून घडत गेलेली वस्तू आहे. आपल्याकडे उघड्यावरच्या झोपेचे शत्रू वेगळे आहेत, आणि म्हणूनच थंड देशांतल्या लोकांच्या शिफारशी जशाच्या तशा उचलून चालत नाही.

यातला सर्वांत गंभीर शत्रू जमिनीवरून येतो. मण्यार हा निशाचर साप आहे आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावल्याच्या घटना भारतभर घडतात. तिचा दंश बहुधा दुखत नाही, सूजही फारशी येत नाही, त्यामुळे माणूस जागा होत नाही किंवा डास चावला असे समजून कूस बदलतो. पुढे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळणे अवघड जाते आणि उपचार मिळाले नाहीत तर श्वास चालवणारे स्नायूच थकतात. यावर प्रतिसर्पविष हाच उपाय असल्याने अशी लक्षणे दिसताच मांत्रिक किंवा घरगुती औषधांत वेळ न घालवता 108 ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठायचे असते. परंतु आपल्या निवडीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, चारही बाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी या दंशापासून चांगले संरक्षण देते. म्हणून मी प्रत्येक पर्यायाला पहिला प्रश्न हा विचारतो की, आत शिरल्यावर तो सर्व बाजूंनी बंद होतो का.

या कसोटीवर स्वस्तातली साधी बिव्ही सपशेल नापास होते. तिच्या तोंडाशी फक्त नाडी असते आणि श्वासासाठी तोंड उघडे ठेवावेच लागते. म्हणजे डोके, मान आणि एक मोकळी वाट रात्रभर जमिनीच्या पातळीवर राहते. अशी बिव्ही विदर्भात कोणीही घेऊ नये, फुकट मिळाली तरीही. चेहऱ्यावर जाळी आणि पूर्ण लांबीची चेन असलेली बिव्ही घेतली, तर ती बंद होते. त्यातही डोक्याशी लहानशी कमान असलेली घ्यावी, कारण जाळी तोंडावर पडून राहिली तर डास जाळीतूनच चावतात. तंबू आणि तळ शिवलेली मच्छरदाणी या बाबतीत निःसंशय वरचढ आहेत. हॅमॉक तर जमीनच सोडतो, त्यामुळे साप, विंचू आणि गोचीड या तिन्हींपासून सुटका होते. कोणताही पर्याय घेतला तरी बूट आत घ्यावेत किंवा सकाळी झटकूनच घालावेत.

याच प्रश्नाची दुसरी बाजू पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत दिसते. गवतातल्या बारीक माइट किड्यांच्या अळ्यांमुळे होणारा स्क्रब टायफस नागपूर परिसराला नवा नाही. 2018 च्या पावसाळ्यात त्याची साथच आली होती. त्यामुळे ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात हिरव्यागार गवतावर बिव्ही पसरून झोपणे कितीही मोहाचे वाटले तरी टाळावे. देवळाचा ओटा, शेतातल्या घराची पडवी, सारवलेले खळे अशा जागी मच्छरदाणी लावणे जास्त शहाणपणाचे, आणि गवताळ जागेशिवाय गत्यंतर नसेल तर हॅमॉकच बरा. परतल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आल्यास आपण गवतात झोपलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आता दमटपणाचा विचार करू, कारण बिव्हीच्या जाहिरातीत याच ठिकाणी सर्वांत जास्त आशा दाखवलेली असते. झोपेत माणसाच्या अंगातून श्वास आणि घामावाटे काही शे मिलिलिटर पाणी बाहेर पडते. चांगल्या बिव्हीचे कापड थेंब अडवते पण वाफ बाहेर जाऊ देते, हे खरे आहे. मात्र वाफ बाहेर जाण्यासाठी आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ उबदार आणि दमट असावी लागते. डिसेंबरात बाहेर 10 अंश आणि कोरडी हवा असते तेव्हा हा फरक भरपूर असतो आणि पिशवी सकाळी जवळजवळ कोरडी निघते. जुलैत रात्रीही पारा 24-25 अंशांच्या आसपास असतो आणि हवा आधीच पाण्याने भरलेली असते. तो फरकच उरत नाही, म्हणून महागडे कापडही साध्या मेणकापडासारखे वागते आणि माणूस पावसाने नव्हे तर स्वतःच्या घामाने भिजतो. त्यात आपली काळी माती पाणी पटकन जिरवत नाही, आणि जमिनीवर सपाट पडलेल्या पिशवीखाली पाणी साचायला एक सर पुरेशी होते. पावसाळ्यात तंबूचे दुहेरी कापड आणि दोन थरांमधली खेळती हवा यांना तोड नाही. खांबांवर स्वतः उभा राहणारा तंबू घेतल्यास तो पक्क्या छपराखाली आतल्या जाळीसह नुसता उभा करता येतो. खुंट्यांवर अवलंबून असलेला तंबू मुरमाड जमिनीत किंवा सिमेंटच्या ओट्यावर निरुपयोगी ठरतो.

उन्हाळ्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. मेच्या मध्यापासून नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, संपेपर्यंत रात्रीचे तापमानही कित्येकदा 30 अंशांच्या घरात असते, आणि 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 अंशांपर्यंत चढलेल्या शहरात कोणी पिशवीत शिरून झोपण्याचा विचार करू नये. तेव्हा फक्त जाळी हवी, मग ती मच्छरदाणीची असो वा हॅमॉकची. खालूनही वारा लागणारा हॅमॉक या दिवसांत खरोखर सुख देतो. मात्र त्याला चार-पाच मीटर अंतरावर दोन भक्कम झाडे लागतात. कडुलिंब, चिंच किंवा मोहाच्या झाडांची जोडी गावाजवळ सापडते. काटोलकडच्या संत्र्याच्या बागांत मात्र त्याचा काही उपयोग नाही, आणि बाभळीच्या काट्यांशी जाळीचे जमत नाही. बांधायला दोरीऐवजी रुंद पट्टे वापरावेत, म्हणजे झाडाची साल कापली जात नाही. डास हॅमॉकच्या पातळ कापडातून पाठीला चावतात, तेव्हा खाली एक चादर अंथरून घ्यावी. मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस, गारपीट आणि विजा येतात. त्या वेळी चारही पर्याय सारखेच दुबळे असतात आणि पक्के घर हेच एकमेव उत्तर असते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे विजेची सूचना देणारे अॅप मोबाइलमध्ये असू द्यावे आणि आभाळ भरून आले की झाडाखालून तसेच सायकलीपासून दूर व्हावे.

मग बिव्हीचे खरे दिवस कोणते? दिवाळीनंतर हवा कोरडी होते, डास कमी होतात, साप फारसे बाहेर पडत नाहीत आणि आकाश स्वच्छ असते. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दुपारी काम आटोपून निघालेला सायकलस्वार बहुधा अंधारातच मुक्कामी पोचतो. अशा वेळी ताडपत्रीची दोरी ताणत किंवा तंबूचे खांब जुळवत बसण्यापेक्षा गादी पसरून पिशवी उलगडली की अंथरूण तयार होते, हा बिव्हीचा गुण मोलाचा आहे. ती वारा अडवते, स्लीपिंग बॅगला दवापासून वाचवते आणि आतली ऊब काही अंशांनी वाढवते. नागपूरची थंडी कमी लेखू नये: 29 डिसेंबर 2018 रोजी शहरात 3.5 अंशांची नोंद झाली होती, आणि मोकळ्या शेतात शहरापेक्षा नेहमीच जास्त गारठा असतो. हॅमॉकमध्ये याच दिवसांत पाठीखालून वारा लागून झोप मोडते. मच्छरदाणीवाल्याला जाड ब्लँकेट किंवा घरची वाकळ न्यावी लागते, जी उबदार असली तरी कॅरिअरवर फार जागा खाते. एक गोष्ट मात्र बिव्ही करू शकत नाही: जमिनीची थंडी अडवणे. त्यासाठी फोमची गादी लागतेच, आणि तिच्यात कंजूषी केली तर बिव्हीचा खर्च वाया जातो.

सायकलीवरच्या ओझ्याचा हिशेबही बिव्हीच्या बाजूने आहे. ती साधारण अर्धा ते एक किलो भरते आणि गुंडाळी हँडलला बांधता येते. तंबू दीड ते अडीच किलोंचा असतो, आणि खांबांमुळे त्याची लांबी अडचणीची ठरते. दोघे मिळून जाणार असतील तर एकाने खांब व दुसऱ्याने कापड असे वाटून घेता येते आणि मग तंबू महाग पडत नाही. जाळीचा हॅमॉक आणि पट्टे किलोभरात बसतात. बाजारात मिळणारी, आपोआप उघडणारी घडीची मच्छरदाणी मात्र सायकलस्वाराने टाळावी, कारण मिटल्यावर तिची मोठी गोल चकती होते आणि ती वाऱ्यात शिडासारखी ओढते. त्याऐवजी एका माणसाची साधी मच्छरदाणी घेऊन शिंप्याकडून तिला खाली पातळ मेणकापडाचा तळ आणि एका बाजूला चेन शिवून घ्यावी. तिचे एक टोक झाडाला आणि दुसरे उभ्या सायकलीच्या सीटला बांधले की काम होते. चारही पर्यायांत ही सर्वांत स्वस्त पडते आणि फाटली तर त्याच शिंप्याकडे दुरुस्त होते, तर चांगल्या बिव्हीसाठी नागपुरात बहुधा बाहेरून मागवण्याची वेळ येते.

कुठे झोपायचे यावरही निवड अवलंबून आहे, आणि या मुद्द्यावर मला कळकळीने सांगायचे आहे. पेंच, बोर आणि उमरेड-कऱ्हांडला ही वनक्षेत्रे नागपूरपासून शंभर किलोमीटरच्या आत आहेत आणि त्यांच्यामधल्या शेतशिवारांतूनही वाघ, बिबटे आणि अस्वले ये-जा करतात. अभयारण्यात विनापरवाना शिरणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी जंगलालगतच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पिशवीत गुंडाळून पडणे हा जिवाशी खेळ आहे, कारण बंद चेनमधून माणसाला चटकन उठताही येत नाही. त्याहून कमी बोलला जाणारा धोका तारेचा आहे. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत बेकायदा वीज सोडली जाते आणि त्यात जनावरांप्रमाणे माणसेही मरतात. म्हणून न विचारता कोणाच्या शेतात अंधारात शिरू नये. गावात पोचल्यावर पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना सांगावे, शेतमालकाची परवानगी घ्यावी आणि जमल्यास जागलीवर असलेल्या माणसाच्या जवळच मुक्काम करावा. त्याला कुठे तार आहे, कुठे साप निघतो आणि कालची जनावरे कुठून गेली हे सगळे माहीत असते. बिव्ही दिसत नाही हा तिचा गुण म्हणून सांगितला जातो, परंतु आपल्या शिवारात तो दोष आहे. रात्री बॅटरीच्या उजेडात धुऱ्याशी पडलेली लांबट पिशवी पाहून जागल्या घाबरतो किंवा चोर समजतो. उभा तंबू अथवा पांढरी मच्छरदाणी दुरूनच ओळखू येते.

एकट्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी मी तंबूलाच पसंती देईन, कारण कपडे बदलण्यापुरता आडोसा बाकी तिन्ही पर्याय देत नाहीत. रामटेक किंवा आदासा यांसारख्या तीर्थस्थळी, जिथे रात्रीही माणसांची जाग असते, तिथून सुरुवात करणे त्यांना सोयीचे जाईल. राष्ट्रीय महामार्ग 44 वरची जड वाहतूक लक्षात घेता रामटेकला जाताना अंधार पडण्याच्या आत मनसरचे वळण गाठावे.

ज्याला वर्षातले थंडीचे चारच महिने जायचे आहे, त्याने जाळी आणि कमान असलेली बिव्ही थेट घ्यावी आणि बाकी कशाचा विचार करू नये. ज्याला बाराही महिने जायचे आहे, त्याने मच्छरदाणी-ताडपत्रीने सुरुवात करून एक पावसाळा काढावा. त्या पावसाळ्यात पक्के छप्पर मिळत गेले तर पुढे बिव्हीची भर घालावी, मिळत नसेल तर तंबूची. बिव्ही मागवण्यापूर्वी एखाद्या मित्राची मागून घेऊन घराच्या गच्चीवर चेन पूर्ण लावून एक रात्र झोपून पाहावे, कारण काही जणांना इतक्या जवळून वेढणारे कापड मुळीच सहन होत नाही, आणि ते रात्री दोन वाजता घरापासून पन्नास किलोमीटरवर कळण्यापेक्षा खाली आपला पलंग असताना कळलेले बरे.