सायकलचं चाक: साडेसत्तावीस इंची की एकोणतीस?
पावसाळा सरल्यावरचे मुंबईचे रस्ते पाहिले तर कौल एकोणतीस इंची चाकाला जातो. मोठं चाक खड्ड्याच्या कडेवर कमी उभ्या कोनात चढतं, म्हणून उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरही हँडलला दणका कमी बसतो आणि घेतलेला वेग टिकतो. शिवाय रिमचा व्यास ६२२ मिमी, म्हणजे ७००सी मापाच्या हायब्रिडचा (शहरी रस्ता आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या सायकलचा) असतो तोच. रुंदी जुळली तर गुळगुळीत टायरही चढवता येतात.

साडेसत्तावीसचं चाक हलकं. सिग्नल सुटला की सायकल चटकन उचल खाते, आरेतल्या चिंचोळ्या पायवाटेवर पटकन वळते. रिम ५८४ मिमी. फरक अवघा ३८ मिमीचा, तेव्हा दुकानदार ‘जमीन-अस्मानाचा फरक’ म्हणाला तर हसून सोडून द्या!

उंची मात्र बघा. सव्वापाच फुटांच्या आत असाल तर साडेसत्तावीसच बरी. छोट्या फ्रेममध्ये मोठं चाक कोंबलं की हळू वेगात वळताना बुटाचं टोक पुढच्या टायरला घासू शकतं. जिन्यातून वर न्यायलाही तीच सोयीची. रोज दादर-अंधेरी करायचं असेल तर मी एकोणतीसच घेईन, टायर दोन इंच रुंदीच्या आतले.