सी-१० ला ॲल्युमिनियमचा रेडिएटर: दहा महिने आणि नऊ हजार किलोमीटरनंतर

आधी गाडीचं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. १९७२ ची शेवरोले सी-१० पिकअप. मूळचं इंजिन सहा सिलिंडरचं, ४.१ लिटरचं, कागदावर ११० अश्वशक्तीचं. ते पार थकलं होतं. त्याच्या जागी जनरल मोटर्सच्याच बऱ्याच नंतरच्या पिकअपमधलं ५.३ लिटरचं व्ही-८ बसवलं. बीडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमची हेडं, २८५ च्या घरातली ताकद आणि सोबत त्याचाच चार गिअरचा ऑटोमॅटिक. इंजिन बसलं, पहिल्या सेल्फला सुरू झालं, दोन दिवस मी हवेत होतो. तिसऱ्या दिवशी सिग्नलला उभा असताना तापमानाचा काटा १०८ अंश सेल्सियसवर गेला.

रेडिएटर तेव्हा जुनाच होता. तांब्या-पितळेचा, दोनदा झाळलेला (सोल्डरने सांधलेला), तळाच्या नळ्यांमध्ये गाळ बसलेला. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, ताकद अडीचपट झाली म्हणजे उष्णता अडीचपट झाली, मोठा रेडिएटर टाक. मलाही ते पटलं. आता वाटतं, ते अर्धंच खरं होतं. इंजिनात किती ताकद आहे यावर उष्णता ठरत नाही, तुम्ही त्यातली किती वापरता यावर ठरते. सपाट रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने तीच गाडी ढकलायला जुन्या इंजिनाला जेवढी ताकद लागायची, जवळपास तेवढीच नव्यालाही लागते. म्हणूनच मोकळ्या रस्त्यावर त्या झाळलेल्या रेडिएटरवरही काटा ९४ च्या वर जात नव्हता. त्रास दोनच ठिकाणी होता: मागे सामान भरून घाट चढताना आणि गाडी उभी असताना. या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी, हे कळायला मला चार महिने लागले.

घेतला तो रेडिएटर आडव्या प्रवाहाचा, म्हणजे टाक्या डाव्या-उजव्या बाजूंना. एक इंच रुंदीच्या नळ्यांच्या दोन ओळी. या इंजिनाच्या वॉटर पंपाची दोन्ही तोंडं एकाच बाजूला येतात, म्हणून रेडिएटरचीही दोन्ही तोंडं उजवीकडे असलेला मुद्दाम निवडला. नाहीतर खालचा होज पाईप इंजिनाखालून पलीकडे न्यावा लागतो आणि तिथे पंख्याशी, बेल्टशी भांडण ठरलेलं. चार ओळींचाही एक होता, तो सोडला. ओळी मोजून रेडिएटर घेऊ नका. तांबं उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियमपेक्षा सरसच आहे, उष्णतावहनाच्या मापात साधारण चारशे विरुद्ध अडीचशेच्या आत असा फरक आहे. पण जुन्या पद्धतीत नळ्या अरुंद असतात आणि नळी व पत्र्याची जाळी यांच्यामध्ये झाळ येतो, जो उष्णतेच्या बाबतीत अगदीच सामान्य. ॲल्युमिनियमची नळी रुंद करता येते, त्यामुळे दोन ओळींतच पत्र्याला चिकटलेला पृष्ठभाग भरपूर मिळतो. शिवाय ओळी वाढल्या की गाभा, म्हणजे नळ्या आणि जाळीचा मधला भाग, जाड होतो आणि त्यातून वारा ओढायला पंख्याला दम लागतो.

बसवताना कंसाची भोकं एका बाजूला जवळजवळ एक सेंटिमीटर चुकलेली निघाली. कानशीने लांबवली. खाली-वर रबराचे तुकडे सोबत दिलेले नव्हते, ते मी घातले. ही काटकसर करू नका. जुन्या पिकअपची चौकट वळणावर पिळवटते आणि रेडिएटर घट्ट आवळलेला असेल तर तो पीळ थेट टाकीच्या वेल्डिंगवर येतो.

निकाल काय? घाटाचा प्रश्न पहिल्याच फेरीत संपला. जिथे जुन्यावर ११२ दिसायचं तिथे ९७. आणि सिग्नलला? १०८ चं १०६ झालं. एवढा खर्च, एवढी मेहनत आणि दोन अंश! त्या संध्याकाळी मी विकणाऱ्याला मनातल्या मनात बरंच काही बोललो. चूक माझी होती.

पंखा विजेचा होता, सोळा इंची, आणि मी तो थेट गाभ्यावर, प्लॅस्टिकच्या पट्ट्या जाळीतून आरपार घालून बांधला होता. एके दिवशी गाडी सुरू ठेवून, पंखा चालू असताना, वहीचं पान समोरून जाळीला लावून बघितलं. मधोमध धरलं की पान चपकन चिकटायचं. तेच वीतभर बाजूला सरकवलं की घरंगळून खाली. चारही कोपऱ्यांत तेच. म्हणजे एवढ्या मोठ्या रेडिएटरमधला पंख्यासमोरचा गोल तेवढा काम करत होता, बाकीचा नुसता गरम पाणी धरून उभा. गाडी पळत असताना समोरून वारा सगळीकडे लागतो म्हणून कळत नाही, उभी राहिली की उघडं पडतं. रेडिएटर बदलण्याआधी हे पान लावून बघा, फुकटात होतं.

मग पूर्ण गाभा झाकणारं श्राउड, म्हणजे वारा सगळ्या जाळीतून ओढायला लावणारं पंख्याभोवतीचं आवरण, केलं. ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन बारा इंची पंखे, पंख्याची पाती आणि गाभा यांत बोटभर मोकळी जागा, कडेला रबराची पट्टी म्हणजे वारा फटीतून पळत नाही. वेगात वारा अडू नये म्हणून वर रबरी झडपा ठेवल्या, त्या दाबाने आपोआप उघडतात. त्या दिवसापासून उभ्या गाडीत, एसी चालू असताना, काटा ९६ ते ९९. दोन पंखे सुरू होताना करंट चांगलाच ओढतात, त्यामुळे प्रत्येकाला वेगळा रिले, वेगळा फ्यूज आणि जाड वायर. मूळ गाडीच्या वायरिंगवर हा भार टाकू नका, ते पन्नास वर्षांचं आहे. जुन्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या काढल्या तेव्हा दोन नळ्यांवर घासल्याच्या चकाकत्या रेघा दिसल्या. आणखी काही महिने गेले असते तर तिथूनच गळती लागली असती.

याच दरम्यान दुसरी एक गंमत चालली होती. काटा ९५ वर शांत असायचा, मध्येच झपकन १०५, पाच सेकंदांत पुन्हा ९५. त्याच वेळी हीटरची हवा गार व्हायची. सेन्सर बदलला, काही नाही. कारण माझाच शहाणपणा. या इंजिनात दोन्ही हेडांच्या पुढच्या टोकांवरून वाफ आणि अडकलेली हवा बाहेर काढणारी एक बारीक नळी येते. जुन्या रेडिएटरला तिच्यासाठी जागाच नव्हती, म्हणून मी तिच्या तोंडात बोल्ट ठोकून मोकळा झालो होतो आणि नवा बसवतानाही तो तसाच राहिला. हवा हेडात साठायची, बुडबुडा सेन्सरवर आला की काटा उडी मारायचा. नव्या रेडिएटरच्या टाकीला वरच्या बाजूला नेमकं त्यासाठीच छोटं तोंड आहे. नळी जोडली, गाडीचं नाक उंचवट्यावर चढवून झाकण सगळ्यात उंचावर आणलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून हळूहळू कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) भरलं. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत चांगला पाऊण तास गेला. काट्याच्या उड्या बंद.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकायचा सल्ला किमान पाच जणांनी दिला. काढू नका. इंजिन गार राहिलं की इंजिनाच्या संगणकाला वाटतं अजून तापायचंय आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. आणि १०८ बघून मी जो घाबरलो होतो तेही थोडं अस्थानी होतं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी आणि पंधरा-सोळा पौंड (पीएसआय) दाब धरणारं झाकण असेल तर उकळी सव्वाशेच्या पुढे येते. झाकण मात्र नवं हवं. जुन्याचं रबर कडक झालं की दाब धरत नाही आणि मग सगळं गणित बदलतं.

सातव्या महिन्यात घाबरवणारी गोष्ट घडली. खालच्या तोंडाजवळ वेल्डिंगच्या कडेला पांढरी भुकटी दिसली, मिठासारखी. पुसली, आठवड्याने परत. मग मल्टिमीटर काढला. थंड गाडीचं झाकण उघडून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं पाण्यात बुडवलेलं, धातूला न टेकवता. इंजिन बंद असताना जवळपास शून्य. इंजिन चालू करून पंखे लावले तर ०.४ व्होल्ट. ॲल्युमिनियमसाठी ०.१ च्या वर गेलं की काळजी करायची असते. पंख्यांचं अर्थिंग मी सोयीसाठी रेडिएटरच्या कंसाच्या बोल्टलाच दिलं होतं, त्यामुळे करंट परतताना पाण्यातून वाट काढत होता आणि रेडिएटर आतून खात होता. अर्थिंग थेट चौकटीवर नेलं, इंजिन ते चौकट आणि इंजिन ते बॉडी अशा दोन जाड पट्ट्या टाकल्या, रंग खरवडून. आता ०.०३. भुकटी परत आलेली नाही, पण त्या कडेवरून दर रविवारी बोट फिरवतो.

रेडिएटरच्या खऱ्या तक्रारी म्हणाल तर दोन. जाळी फार मऊ आहे, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतलीत तर पत्रे आडवे होतात. मी एकदा केलंय, नंतर चिमट्याने तासभर सरळ करत बसलो. आणि पाणी सोडायचा कॉक अशा जागी आहे की उघडला की सगळं कूलंट आडव्या बीमवर पडून दोन्ही बाजूंना पसरतं. रबरी नळीचा तुकडा कॉकवर चढवायला जागाच ठेवलेली नाही. शिवाय त्याचा वॉशर गेल्या महिन्यापासून रात्रीतून एखादा थेंब सोडतोय. तीनदा आवळून झाला. आता कॉक काढून त्या जागी सरळ डाट बसवणार आहे, पण त्यासाठी आधी ते सगळं कूलंट बीमवर सांडावं लागेल, म्हणून टाळाटाळ चालू आहे.