सेंट मार्टिनहून साबा : विमान की फेरी?

साबा या कॅरिबियनमधल्या छोट्या बेटावर थेट जेट विमान जात नाही, जाऊही शकत नाही. तिथल्या हुआंचो इराउस्किन विमानतळाची धावपट्टी जेमतेम 400 मीटर, प्रवासी विमानसेवेतली जगातली सर्वांत आखूड, आणि तिच्या दोन्ही टोकांना खाली समुद्र. त्यामुळे आधी शेजारच्या सेंट मार्टिन बेटाच्या डच बाजूच्या प्रिन्सेस ज्युलियाना विमानतळावर उतरायचं. पुढे विनएअर या स्थानिक कंपनीचं 19 आसनी ट्विन ऑटर विमान किंवा फेरीबोट.

विमानाला जेमतेम पंधरा मिनिटं लागतात. वारा सहसा पूर्वेकडून असतो, त्यामुळे उतरताना बेटाचा उभा कडा उजव्या हाताला येतो. उजवी खिडकी मिळाली तर तो अंगावर आल्यासारखा दिसेल. धावपट्टीच्या टोकांना फुलीची खूण आहे. घाबरू नका, ती इतर विमानांना 'इथे उतरू नका' सांगण्यासाठी. इथले वैमानिक या धावपट्टीसाठी खास तयार केलेले असतात. खरी अडचण थराराची नाही, वजनाची. विमान छोटं, त्यामुळे जड बॅग नंतरच्या विमानाने येऊ शकते. औषधं, एक जोडी कपडे आणि कागदपत्रं हातातल्या पिशवीत ठेवा. कड्याजवळ वारा उलटसुलट फिरला की उड्डाण लांबतं, आणि अंधारात इथे विमान उतरत नाही. म्हणून दुपारी उशिरा सेंट मार्टिनला पोहोचणाऱ्याने त्याच दिवशीच्या जोडविमानावर विसंबू नये. दोन्ही तिकिटं वेगळी असतील तर सामान घेऊन, इमिग्रेशन करून पुन्हा चेक-इन करावं लागतं. तीन तास हाताशी ठेवा.

फेरीला साधारण सव्वा ते दीड तास लागतो. ती रोज नसते, तेव्हा आधी फेरीचे वार बघा, मग हॉटेल ठरवा. विमानतळाहून फिलिप्सबर्गच्या धक्क्याकडे जाताना सिम्पसन बे इथला पूल बोटींसाठी उघडला की गाड्यांची रांग लागते. तो वेळ धरूनच निघा. साबाच्या बाजूला फोर्ट बे हे एकमेव बंदर.

आता लाटांचं. जाताना बोट नैर्ऋत्येकडे जाते, व्यापारी वाऱ्यांच्या लाटा बाजूने किंवा मागून येतात. परतताना त्याच लाटा पुढून आदळतात, आणि बोट लागते ती बहुधा तेव्हाच. डिसेंबर ते फेब्रुवारीत तर जास्तच. गोळी निघण्याआधी तासभर घ्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. मागच्या बाजूला, खालच्या मजल्यावर बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. मोबाइल बघणं सर्वांत वाईट.

दोन्ही अनुभव हवे असतील तर जाताना फेरी आणि येताना विमान, हे गणित पोटाला मानवतं. डायव्हिंगसाठी जाणाऱ्यांचं मात्र वेगळं. एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जायला हवेत. फेरीने परतलात म्हणून सुटका होत नाही, सेंट मार्टिनहून पुढचं जेट पकडायचंच असतं. शेवटच्या डाइव्हनंतर लगेच माउंट सीनरी हा साबाचा सर्वांत उंच डोंगर चढणंही टाळा. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, म्हणून त्याची जवळपास नऊशे मीटर उंचीही या हिशेबात मोजावी लागते.

साबा नेदरलँड्सचा भाग असला तरी चलन अमेरिकन डॉलर, आणि सेंट मार्टिनहून येतानाही पासपोर्ट लागतो. युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या शेंगेन क्षेत्रात हे बेट येत नाही, त्यामुळे व्हिसाचे नियम वेगळे तपासा. निर्गमन कर तिकिटात धरलाय का तेही विचारून घ्या. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत वादळांचा हंगाम. तेव्हा परतीच्या लांबच्या विमानाआधी एक रात्र सेंट मार्टिनला काढणं स्वस्तात पडतं.