कवटी-डोळ्याच्या नर्व्हचं मॉडेल: डोळा एकदम भारी, मेंदूची बाजू गंडलीय

ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हेच मॉडेल ऑनलाइन वेगवेगळ्या नावांनी विकतात, फोटोपण सगळीकडे सेमच. कवटीचा तळ, त्यात बसणारा ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ), उजवी ऑर्बिट म्हणजे डोळ्याची खोबण उघडी, आणि बाराही क्रेनियल नर्व्ह (थेट मेंदूशी जोडलेल्या नसा) पिवळ्या रंगात. अडीच हजारांच्या आसपास पडलं. मी बी.ऑप्टोम (डोळे तपासणीची डिग्री) करतेय, त्यामुळे मला मतलब १ (वास), २ (नजर) आणि डोळा हलवणाऱ्या ३, ४, ६शी, बाकीच्यांचं फर्स्ट एमबीबीएसवाल्यांनी बघून घ्यावं.

आधी डोळा, कारण पैसे वसूल तिथेच होतात. गोळा सुटा फिरतो आणि सहाही मसल इलास्टिकच्या दोऱ्यांनी लावलेत. सुपिरियर ऑब्लिकची दोरी मागून येते, नाकाच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात बारीक कडी आहे तिच्यातून वळते आणि परत मागे जाऊन डोळ्याच्या वरच्या भागावर बसते, थेट विहिरीवरचा रहाट. आता डोळा नाकाकडे वळवा आणि ती दोरी हळूच ओढा, बुबुळ खाली जातं! मसल वर बसलेला असून डोळा खाली कसा नेतो हे पुस्तकात वाचून डोक्यावरून जायचं, इथे बोटाला कळतं. मग या मसलला चालवणारी चौथी नर्व्ह गेलेला पेशंट जिना उतरताना आणि वाचताना दोन-दोन दिसतं का म्हणतो, तेही वेगळं समजवायला लागत नाही.

सुपिरियर ऑर्बिटल फिशर, म्हणजे नर्व्ह ऑर्बिटमध्ये शिरतात ती मागची फट, तीपण झकास. टेंडिनस रिंग (डोळ्याचे सरळ मसल जिथून सुरू होतात ती कडी) हिरवी केलीय, तिच्या आतून तिसरीचे दोन्ही फाटे आणि सहावी, बाहेरून चौथी. व्हायवाला (तोंडी परीक्षेत) हे विचारतातच, डोळे मिटून सांगाल. ऑप्टिक नर्व्हला (दुसरीला) तिचा वेगळा कॅनॉल, सोबत डोळ्याची ऑफ्थॅल्मिक आर्टरी. सहावी टेम्पोरल हाडाच्या टोकावरून कशी वळते तेही नीट दिसतं, डोक्यातलं प्रेशर वाढलं की ती तिथे ताणली जाते आणि गाठ भलतीकडेच असली तरी डोळा बाहेर वळेनासा होतो.

आता बोंब. ब्रेनस्टेम काढून बघितला तर चौथी नर्व्ह पुढून निघालेली, तिसरीच्या शेजारून, तिच्याएवढीच जाड! अरे बाराजणींत पाठीमागून निघणारी ही एकटीच, निघता निघता क्रॉस होऊन दुसऱ्या बाजूला जाते, आणि सगळ्यात बारीक. हे चुकवणं म्हणजे हद्द झाली. फर्स्ट इयरच्या पोराने यावर विश्वास ठेवला तर परीक्षेत गेलाच.

कायझ्मा (दोन्ही ऑप्टिक नर्व्ह एकत्र येतात ती जागा) म्हणजे नुसता पिवळा ठोकळा. रेटिनाच्या (डोळ्यातल्या पडद्याच्या) नाकाकडच्या अर्ध्या भागातले फायबर तिथे क्रॉस होतात, बाहेरचे आपल्याच बाजूने जातात, दोन रंग दिले असते तर पिट्युटरी ग्रंथीची गाठ खालून वाढल्यावर दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूचं दिसणं का जातं ते लगेच कळलं असतं. मी शेवटी लाल-निळं नेलपॉलिश लावून काम भागवलं.

तिसरी ज्या दोन आर्टरींच्या मधून बाहेर पडते त्या नाहीतच, पोस्टिरियर कम्युनिकेटिंग तर लांबच. मग तिसरीवर दाब देणाऱ्या ॲन्युरिझमने (आर्टरीला आलेल्या फुग्याने) बाहुली मोठी होते आणि डायबेटिसमध्ये तिसरी गेली तरी बाहुली बहुतेकदा वाचते हे दाखवायचं कशावर? बाहुलीचे फायबर नर्व्हच्या बाहेरच्या थरात असतात, दाब आधी त्यांना लागतो, डायबेटिसमध्ये रक्तपुरवठा तुटतो तो आतल्यांचा.

वासाच्या नर्व्हचा तर अपमानच केलाय. ऑल्फॅक्टरी बल्ब (वासाचे धागे जिथे पोहोचतात तो भाग) फेविक्विकने चिकटवल्यासारखा आणि क्रिब्रिफॉर्म प्लेटवर (नाकाच्या छतावरच्या चाळणीसारख्या हाडावर) भोकांऐवजी काळे ठिपके. खऱ्यात एकेका बाजूला वीसेक बारीक धागे नाकातून त्या भोकांमधून वर येतात, म्हणूनच डोकं जोरात आपटलं की ते तुटून वास जातो. (कोविडमधलं वास जाणं वेगळं, तिथे मुख्य मार नर्व्हला नाही तर नाकातल्या आधार देणाऱ्या पेशींना बसायचा.)

ऑप्टोम किंवा ऑफ्थॅल्मवाल्यांनी बिनधास्त घ्या, ५ पैकी साडेतीन. फक्त फर्स्ट एमबीबीएससाठी असेल तर राहू द्या, डिसेक्शन हॉलमधला ब्रेनस्टेम फुकट आहे. आणि घेतलंत तर इलास्टिकच्या दोऱ्या एक्स्ट्रा मिळतात का ते सेलरला आधीच विचारा, माझी लॅटरल रेक्टसवाली (डोळा बाहेर वळवणाऱ्या मसलची) सैल पडलीय आणि आता डोळा कायम नाकाकडेच बघतोय, रूममेट म्हणते सहावी गेली.