झेरॉक्सच्या दुकानात लिनक्स मिंट: सहा महिने वापरून

तासगावात स्टँडमागे माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. काउंटरवर तीन मशीन, तिन्ही आय-थ्री चौथ्या पिढीची, ४ जीबी रॅमची. चौथं आतल्या खोलीत, पेजमेकरचं (पत्रिका वगैरे मांडायचं जुनं सॉफ्टवेअर). १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे सुरक्षेचे अपडेट बंद. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची व्यवस्था) लागतं आणि इंटेलची चिप आठव्या पिढीपासून पुढची. माझ्याकडे दोन्हीच्या नावानं शंख. जिथून टोनर घेते तो दुकानदार म्हणाला, "ताई, सगळं भंगारात घाला, चौतीस हजाराला एक नवीन देतो." भंगारवाला एका सीपीयूचे सातशे देत होता. वर्षभराची वाढीव मुदत मिळत होती, पण वर्षानंतर परत हेच रडगाणं.

पुतण्या म्हणाला, "काकू, आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघ, आतलं काही पुसलं जात नाही." तसंच केलं. लिनक्स मिंट २२.२, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, तिची एक्सएफसीई ही जुन्या मशीनला झेपणारी हलकी आवृत्ती. (यांच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं, हिचं झारा.) फुकट आहे आणि अपडेट २०२९ पर्यंत मिळणार. दोन दिवस तसंच चालवलं, प्रिंटर लागला, मग डिस्कवर टाकलं. टाकताना तिन्ही मशीनच्या जुन्या हार्डडिस्क काढून २४० जीबीच्या एसएसडी (न फिरणाऱ्या, वेगवान डिस्क) बसवल्या, आणि खरी जादू त्या एसएसडीचीच आहे. फुगलेल्या कौतुकात लोक हे सांगत नाहीत. आधी सकाळी बटण दाबून मी दुकान झाडून घ्यायची, उदबत्ती लावायची, तरी पडद्यावर गोल फिरतच असायचं. आता काडी पेटायच्या आत मशीन तयार असतं.

सातबारा, आठ अ, महाडीबीटीचे फॉर्म, हॉल तिकीट, लाइट बिल ही सगळी ब्राउझरमधली कामं, ती बिनबोभाट होतात. फक्त चार जीबीत दहा-बारा टॅब उघडले की मशीन धापा टाकतं, त्याला मिंटही काही करू शकत नाही. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट ही टायपिंगची मांडणी आहे, माझा हात त्यावरच बसलेला.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र पेनड्राइव्हची. कॉलेजची पोरं व्हायरस लागलेले पेनड्राइव्ह आणतात, ज्यात फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट दिसतात. परवा एक मुलगी रडकुंडीला आली होती, प्रोजेक्ट गेला म्हणून. मिंटमध्ये लावला तर शॉर्टकटच्या शेजारी बिननावाचं एक फोल्डर, आणि त्यात तिचं सगळं जसंच्या तसं. विंडोजला ते लपवलेलं म्हणून दिसत नव्हतं, इथे विंडोजची ती लपवाछपवी चालत नाही. शॉर्टकट पुसले, फोल्डर बाहेर काढलं, प्रिंट दिली. पानाचे दोन रुपयेच घेतले.

आता त्रासाचं. वर्डमध्ये केलेली मराठी फाइल लिब्रेऑफिसमध्ये (मिंटमध्ये वर्डच्या जागी हेच असतं) उघडली की मंगल फॉन्ट मिळत नाही, त्याच्या जागी दुसरा बसतो आणि ओळी सरकतात. लग्नाचा बायोडेटा एका पानात बसवून आणलेला असतो. इथे मामाकुळ तेवढं दुसऱ्या पानावर. मुलीचे वडील माझ्याकडे असं बघतात जणू मीच मामाला हाकललं. आता फाइल घेतानाच सांगते, पीडीएफ करून पाठवा. एका मशीनचं वायफाय पहिल्या दिवशी लागेना. केबलनं नेट देऊन ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घेतला, मग लागलं. आणि एक जुना प्रिंटर कायमचा रुसला, त्याच्या कंपनीनं लिनक्ससाठी काही केलेलंच नाही.

अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन मी मिंटवर आणलंच नाही. त्यासाठी विंडोज ११ चा एक सेकंडहँड लॅपटॉप घेतला, सोळा हजाराला. म्हणजे खर्च शून्य झाला असं नाही. टॅली किंवा टेंडरवर ज्यांचं पोट आहे त्यांनी तीनही मशीन एका रात्रीत पालटू नयेत, एकावर महिनाभर बघावं.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो मामासाठी.

पेजमेकरचं मशीन विंडोज १० वरच आहे. पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, उत्तरकार्याची पत्रकं, सगळं जुन्या फॉन्टमध्ये अडकलेलं. ते नेटवरून काढलं, वायफायचा डोंगल उपसून गल्ल्यात ठेवला. बाहेरचा पेनड्राइव्ह त्याला लावायचा नाही, आधी काउंटरवर तपासायचा आणि हवं ते माझ्या लाल पेनड्राइव्हवरून आत न्यायचं. तरी कामावरचा पोरगा गाणी ऐकायला म्हणून नेटची केबल जोडायचा. शेवटी मागच्या भोकावर खाकी टेप लावली आणि वर स्केचपेननं लिहिलं, 'हात लावू नये'.