देवनागरी प्रेषकनाव: थंडरबर्ड पास

प्रेषकाचं नाव मराठीत हवं असेल तर थंडरबर्ड हा ईमेल प्रोग्राम बिनधास्त घ्या. नाव मात्र युनिकोडमध्येच (सगळ्या लिप्यांसाठीची सामायिक अक्षर-संकेतपद्धत) टाका. ईमेलच्या शीर्षभागात मुळात फक्त आस्की, म्हणजे इंग्रजी अक्षरं-आकडे-चिन्हं, चालायचं. म्हणून १९९६ च्या ईमेल-नियमाप्रमाणे नाव बेस-६४ मध्ये (बाइट साध्या आस्की चिन्हांत लिहायची रीत) गुंडाळतात, एका तुकड्याला ७५ चिन्हांची मर्यादा. देवनागरीत कानामात्रेलाही ३ बाइट लागतात. ‘रावेर केळी बाजारभाव’ भरतं ५३ बाइट, पण गुंडाळताना चिन्हं वाढतात, म्हणून ७५ चिन्हांच्या तुकड्यात मावतात ४५ बाइट. आंधळेपणाने कापलं की नेमका ‘भ’ दुभंगतो आणि चौकोन उमटतात. बिलं पाठवणारी स्वस्त सॉफ्टवेअरं हाच घोळ घालतात. थंडरबर्ड अक्षराच्या सीमेवर कापतं. शंका आली तर कंट्रोल-यू दाबून ईमेलचा स्रोत, म्हणजे मूळ कच्चा मजकूर, बघा. गुंडाळलेल्या नावाभोवती अवतरणचिन्हं दिसली तर चूक पाठवणाऱ्याची. अवतरणातलं उलगडायचं नसतं, असाच नियम आहे.